पट्टी उतरल्यावर

अमेरिकेतल्या युटा राज्यात सॅनपीट नावाचं खोरं आहे. दोन्ही अंगांना डोंगर, मधे लसूणघासाची शेतं, टर्की पाळायच्या लांबलचक शेड आणि मँटाय गावाच्या टेकडीवर 1888 साली पूर्ण झालेलं फिकट दगडाचं मंदिर. खोऱ्यातली बहुतेक घरं मॉर्मन. जोसेफ स्मिथ यांनी 1830 साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या मंडळीचं पूर्ण नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जागोजागी छळ सोसून तिचे लोक ब्रिगम यंग यांच्यामागून 1847 साली युटाच्या कोरड्या मुलखात उतरले. आल्याबरोबर त्यांनी ओढा अडवला, जमीन भिजवली आणि मग नांगरली. तेव्हापासून तिथं पाणी वाट्यानं घ्यायचं आणि पाळीनं घ्यायचं असा शिरस्ता पडला. ज्या शेतांना अजून पाटाचं पाणी जातं, तिथं कुणाची पाणीपाळी कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे घड्याळ लावून ठरलेलं असतं, मग ती भर दुपार असो की मध्यरात्र.

या खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याचा धाकटा मुलगा 2016 साली मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराच्या कामावर, निघाला.

मॉर्मन घरात मुलगा मोठा होतो तोच मिशनचं नाव ऐकत. पूर्वी त्यासाठी एकोणीस वर्षं पुरी व्हावी लागत, 2012 पासून मुलांना अठराव्या वर्षीही जाता येतं. मुलांनी दोन वर्षं द्यायची, मुलींनी दीड. या काळात शिक्षण नाही, नोकरी नाही, कुणाशी प्रेमाच्या गाठीभेटी नाहीत. खर्चही स्वतःचा. तेव्हा महिन्याला चारशे डॉलर भरावे लागत, आणि या मुलानं शाळेत असल्यापासून टर्कीच्या शेडमध्ये राबून ते साठवले होते. कुठं जायचं हे मात्र स्वतः ठरवायचं नसतं. त्या काळी सॉल्ट लेक सिटीहून पत्र येई. ते आलं तेव्हा आजी-आजोबा, काका, आत्या, सगळे बैठकीच्या खोलीत जमले. मुलानं लिफाफा फोडला आणि मोठ्यानं वाचलं: फिलिपाइन्स, भाषा तागालोग. आईनं लगेच भिंतीवरच्या नकाशात देश शोधला. थोरला भाऊ ब्राझीलला जाऊन आला होता आणि तिथं त्याच्या हातून पुष्कळ जणांचा बाप्तिस्मा झाला होता. जेवणाच्या टेबलावर तो आकडा नेहमी निघे. त्यानं धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, “आता बघू तू किती आणतोस.”

बोलला तो कौतुकानं, पण धाकट्याच्या मनात आकडा रुतून बसला.

त्यांच्या शेताच्या बांधाला लागून एका म्हाताऱ्याचं शेत होतं. हा म्हातारा फार वर्षांपूर्वी चर्चमधून बाहेर पडला होता. त्यातच पाटाच्या दुरुस्तीवरून त्याचं आणि मुलाच्या वडिलांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं. मुलगा लहानपणापासून त्या घराकडे न बघता शाळेच्या बसपर्यंत चालत जायला शिकला होता. मिशनला निघाला त्या सकाळीही तो तसाच गेला.

प्रोव्हो शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे भाषा आणि शिकवण्याची रीत शिकून तो फिलिपाइन्सला पोचला. तिथं लगुना प्रांतात, बनाहाव डोंगराच्या पायथ्याशी, लिलिव नावाचं गाव आहे. डोंगरातून येणारं गार पाणी, लाल विटांचं जुनं कॅथलिक चर्च आणि चपला यांसाठी ते ओळखलं जातं. मुख्य रस्त्यावर ओळीनं चपलांची दुकानं आहेत. घराघरात कातडी कापणं, तळ चिकटवणं, पट्टे शिवणं चालतं. या गावात आणि आसपासच्या वाड्यांत त्याला काम मिळालं.

मिशनवरचं आयुष्य कडक असतं. त्या काळी सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा मालवायचा. पांढरा शर्ट, टाय आणि खिशावर काळी पट्टी. पट्टीवर नावाच्या जागी फक्त आडनाव आणि त्याच्याआधी ‘एल्डर’. आईनं ठेवलेलं नाव दोन वर्षं कुणी उच्चारत नाही. एक सोबती कायम बरोबर, नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात. काही आठवड्यांनी तो बदलतो, गावही बदलतं. कपडे धुणं, केस कापणं, घरी ईमेल लिहिणं हे सगळं सोमवारी. घरी फोन त्या काळी वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला आणि मातृदिनाला. दर आठवड्याला बोलायची मुभा 2019 च्या फेब्रुवारीत मिळाली. ही गोष्ट त्याच्या आधीची.

मुलगा जीव तोडून काम करायचा. त्याचा विश्वास खरा होता. आपल्याला जे मिळालंय ते दुसऱ्यालाही मिळावं ही त्याची तळमळही खरी होती. पण खिशातल्या छोट्या प्लॅनरमध्ये तो रोज संध्याकाळी आकडे मांडायचा. किती दारं ठोठावली, किती पाठ दिले, कितीजण रविवारी आले. आकडा चांगला असला की प्रार्थना लांब व्हायची. पडला की तो गप्प गप्प असायचा.

चपलांच्या रस्त्याच्या टोकाला एक म्हातारी राहायची. सगळे तिला लोला म्हणत, म्हणजे आजी. घराच्या ओसरीवर बसून ती आणि तिची सून चपला करत. पहिल्या दिवशी तिनं त्याला आणि त्याच्या सोबत्याला कॉफी पुढं केली. मॉर्मन लोक चहा-कॉफी घेत नाहीत हे कळल्यावर ती काही बोलली नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हा आल्याचा गरम काढा तयार होता. त्यानंतर तो कधी चुकला नाही.

मुलगा तिला मन लावून पाठ द्यायचा. जोसेफ स्मिथ यांनी रानात केलेली प्रार्थना, मॉर्मन ग्रंथ, देवाची योजना. लोला मान डोलवायची आणि हातातलं काम चालू ठेवायची. एकदा पाठ ऐन रंगात आला असताना ती उठली, पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन त्याच्यापुढं उकिडवी बसली आणि म्हणाली, “बाळा, बूट काढ जरा.” त्यानं संकोचत बूट काढला. तिनं त्याचं पाऊल पुठ्ठ्यावर ठेवलं आणि पेन्सिल टाचेपासून सावकाश फिरवत अंगठ्यापर्यंत आणली. प्रत्येक बोटाच्या बेचक्यात थांबली. करंगळीपाशी कातडी सोलली होती, तिथं पेन्सिल उचलून पुढं टेकवली. मग दुसरं पाऊल. मुलगा बोलायचा थांबला नाही. पण मनात म्हणत राहिला की हिचं लक्षच नाही, हा तास फुकट गेला.

त्याचा त्या वेळचा सोबती फिलिपिनोच होता, लेयते बेटावरच्या तक्लोबान शहराचा. त्याच्याकडे दोनच पांढरे शर्ट होते. एक अंगावर आणि एक दोरीवर. घरी परतताना तो म्हणाला, “आपण तिच्याकडे कधीपासून जातोय. तिच्या नवऱ्याचं नाव काय रे?”

मुलाला सांगता येईना.

“तिचा मुलगा कुठं असतो?”

तेही सांगता येईना.

तक्लोबानचा मुलगा थोडा वेळ गप्प चालला. मग त्यानं सांगितलं. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये योलांडा वादळ आलं. जगानं त्याला हैयान म्हटलं. समुद्र शहरात शिरला. देशभरात सहा हजारांवर माणसं गेली. “पाणी ओसरल्यावर आम्ही नावं शोधत फिरायचो. भिंतीवर, पाट्यांवर, कागदाच्या यादीत, जिथं नावं लिहिलेली असतील तिथं. माझ्या मावशीचं नाव मला एका यादीत सापडलं, जिवंत असलेल्यांच्या. ती यादी कुणी केली होती मला आजपर्यंत माहीत नाही. त्या माणसानं मला देवाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. फक्त माझ्या मावशीला नाव विचारलं होतं आणि नीट लिहून ठेवलं होतं. मी मिशनवर आलो तेव्हा ठरवलं, कुणाच्याही दारात गेलो तर आधी हे काम करायचं.”

त्या रात्री युटाच्या मुलाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ते लोलाकडे गेले तेव्हा त्यानं ग्रंथ पिशवीतच ठेवला आणि विचारलं, “लोला, तुमच्याबद्दल सांगाल?”

म्हातारीनं हातातली कात्री खाली ठेवली. ती काम थांबवून बसली, असं तो पहिल्यांदाच बघत होता. नवरा चपलांचाच कारागीर. त्याचं नाव तिनं सांगितलं, तो कसा गेला ते सांगितलं. एकुलता एक मुलगा सौदीत, रियाधला, बांधकामावर. दोन-दोन वर्षं येत नाही. त्याचं लेकरू त्याला फोनच्या पडद्यावरून ओळखतं. “तुम्ही दोघं पहिल्यांदा दारात आलात ना,” ती म्हणाली, “तेव्हा तुम्ही कुठल्या चर्चचे ते मी बघितलंच नाही. तुझे बूट बघितले. तळ फाटलेला. म्हटलं, या पोराच्या आईला हे माहीत नसणार. माझ्या पोराचा बूट फाटला तर तिकडे बघणारं कुणी असेल का?”

मुलानं मान खाली घातली. आपण हिच्या आत्म्याची काळजी घेतोय असं तो समजत होता. आणि ती पहिल्या दिवसापासून त्याच्या पायांची काळजी घेत होती. दोघांपैकी कुणी दुसऱ्याला जास्त नीट पाहिलं होतं, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून प्लॅनरच्या मागच्या पानांवर नावं येऊ लागली. कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाचं बुडीत कर्ज. रोज रात्री तो पान उघडून एकेका नावासाठी प्रार्थना करायचा. आधी त्याच्या प्रार्थना ‘आम्हाला लोक मिळू देत’ अशा असत. आता त्या माणसांच्या झाल्या. पुढच्या पानांवरचे आकडे तो भरत राहिला, कारण तो कामाचाच भाग होता, पण त्यांच्यावर त्याची झोप अवलंबून राहिली नाही.

चपला तयार झाल्या. त्या गावच्या दुकानांत त्याच्या पावलाचं माप मिळालंच नसतं. करंगळीच्या बाजूला लोलानं पट्टा मुद्दाम रुंद आणि मऊ केला होता.

डिसेंबर आला. फिलिपाइन्समध्ये नाताळाआधीचे नऊ दिवस, 16 पासून 24 तारखेपर्यंत, कॅथलिक लोक पहाटे अंधारात उठून मिस्साला जातात. नऊच्या नऊ पहाटा केल्या तर मनातलं मागणं पुरं होतं अशी श्रद्धा आहे. लोला काठी टेकत रोज गेली. शेवटच्या दिवशी तिनं सांगितलं, “आठ पहाटा माझ्या मुलासाठी. एक तुझ्या आईसाठी. तिला पोराची आठवण सोसवू दे म्हणून.”

नाताळला मुलानं घरी फोन लावला. नेमलेल्या वेळात आईला काय काय सांगायचं याची त्यानं यादी केली होती. ती बाजूला राहिली आणि तो लोलाबद्दलच बोलत बसला. पलीकडे आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, “नाव काय रे तिचं? पूर्ण नाव सांग.” मॉर्मन मंदिरात एक रीत आहे. ज्यांच्यासाठी प्रार्थना हवी त्यांची नावं तिथं लिहून देतात. त्या आठवड्यात सॅनपीटमधल्या एका बाईनं मँटायच्या मंदिरात लिलिवच्या एका कॅथलिक म्हातारीचं नाव दिलं. दोन देशांतल्या, दोन मतांच्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या दोन आया एकमेकींसाठी देवापुढं उभ्या होत्या. त्यांच्यामधला दुवा तो मुलगा होता. मिशनवर आपण नेमके कशासाठी आलोय, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगलं.

लोलानं चर्च बदललं नाही. मुलाची बदली झाली, आणखी गावं आली. मोठ्या सरोवराकाठच्या एका मच्छीमार कुटुंबाचा बाप्तिस्मा त्याच्या हातून झाला. दारू सोडलेला तो बाप पाण्यातून वर आला तेव्हा बायको काठावर रडत होती. तो दिवस मुलाच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवसांपैकी एक ठरला. त्याचा विश्वास कमी झाला नव्हता. उलट मुळं खोल गेली होती. पण आता त्याला कळत होतं की दार ठोठावणाऱ्याच्या आधी देव त्या घरात पोचलेला असतो.

मिशन संपत आलं. परतीच्या दिवसांत ज्याचं मन आधीच घराकडे धावतं त्याला ही मुलं ‘ट्रंकी’ म्हणतात, म्हणजे मनानं ट्रंक भरून बसलेला. हा तसा झाला नाही. शेवटच्या संध्याकाळीही तो एका आजाऱ्याला भेटून आला. मग मिशन प्रेसिडेंटांसमोर अखेरची मुलाखत. हे गृहस्थ स्वतः नोकरीधंदा सोडून पत्नीसह तीन वर्षांसाठी आलेले असतात. त्यांनी एकही आकडा विचारला नाही. प्लॅनरची मागची पानं त्यांनी चाळली, परत दिली आणि विचारलं, “घरी गेल्यावर पहिलं काम कुणाचं करशील?”

मुलाला उत्तर सुचलं नाही. ते म्हणाले, “आत्ता नको सांगूस.”

2018 च्या उन्हाळ्यात तो सॉल्ट लेकच्या विमानतळावर उतरला. हातात फलक धरून सगळं घर उभं होतं. आईनं मिठी मारली ती सोडेना. त्याच रात्री स्टेक प्रेसिडेंट घरी आले. जवळपासच्या काही मंडळ्या मिळून एक स्टेक होतो, हे त्याचे प्रमुख. मॉर्मन मंडळ्यांचे हे प्रमुख पगारी नसतात. हे गृहस्थ दिवसा जनावरांचा खुराक विकायचे. त्यांनी मुलाची सगळी हकिगत ऐकली, त्याच्याबरोबर प्रार्थना केली आणि म्हणाले, “आता तुला या कामातून मुक्त करतो.” मुलानं खिशावरची काळी पट्टी काढून टेबलावर ठेवली. एवढाच विधी.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्याला जाग आली. सोबती नव्हता. जायला दार नव्हतं. रविवारी चर्चमध्ये त्यानं भाषण केलं, लोकांनी हात हातात घेऊन कौतुक केलं. बाहेर आल्यावर दोघातिघांनी विचारलंच, “किती बाप्तिस्मे?” भावाच्या आकड्याजवळही त्याचा आकडा जात नव्हता. भाऊ काही बोलला नाही, पण तो गप्प राहिला हेही सगळ्यांना कळलं. दिवस जात राहिले. टर्कीची शेड, लसूणघासाची कापणी, शरद ऋतूत कॉलेज सुरू व्हायची वाट. दोन वर्षं रस्त्यावरची पोरंही ‘एल्डर, एल्डर’ म्हणून हाक मारत होती. आता तो पुन्हा धाकटा होता. आपण तिकडे जे झालो होतो ते पट्टीबरोबर टेबलावरच राहिलं की काय, असं त्याला वाटू लागलं.

त्या वर्षी युटात दुष्काळ होता. डोंगरावर बर्फ कमी पडलेलं, पाटाचं पाणी आखडलेलं. एकेक पाणीपाळी सोन्यासारखी झाली होती. एका रात्री जेवताना आईनं सांगितलं की बांधाजवळचा म्हातारा पडला, खुब्याचं हाड मोडलंय, वॉकर धरून घरातल्या घरात चालतो. वडिलांनी मान वर केली नाही.

त्या रात्री त्यांची पाळी बारापर्यंत होती. मुलगा दारं धरायला गेला होता. बारा वाजता त्यानं आपलं दार बंद केलं आणि पाणी खाली सोडलं. पुढची पाळी म्हाताऱ्याची. पाटकऱ्याच्या तक्त्यावर तसंच होतं. पण पलीकडच्या शेतात बॅटरी दिसेना. पाणी म्हाताऱ्याच्या दारावरून तसंच पुढं निघालं होतं, आणि काठावरचा लसूणघास आधीच करपत होता.

मुलगा फावडं टेकून उभा राहिला. लिलिवमध्ये त्यानं किती अनोळखी दारं वाजवली असतील याचा हिशेब नव्हता. हे दार बांधापलीकडे होतं आणि जन्मात वाजवलं नव्हतं. लोलाच्या नवऱ्याचं नाव त्याला ठाऊक होतं. या म्हाताऱ्याची बायको वारली त्याला कैक वर्षं झाली, तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. मिशन प्रेसिडेंटांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर समोर होतं.

म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात दिवा जळत होता. मुलानं दार वाजवलं. बऱ्याच वेळानं वॉकरचा आवाज आला, दार किलकिलं झालं.

“तू मिशनवरून आलास म्हणे,” म्हातारा म्हणाला. “मला चर्चमध्ये परत न्यायला आलायस?”

“नाही. तुमची पाळी लागलीय. पाणी खाली चाललंय. दारं धरायला कुणी आहे का, एवढंच विचारायला आलो.”

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “कॅनव्हासचा बांध शेडमध्ये आहे. उजव्या हाताला. त्याला एक भोक आहे, ते वरच्या बाजूला धर.”

मुलानं कॅनव्हास काढला, पाटात आडवा लावला, कडेला चिखल थापला. पाणी तटलं, चढलं आणि चारीतून शेतात पसरू लागलं. उंदरांनी पोखरलेल्या बिळांतून ते निसटत होतं. त्यानं गवतासकट ढेकळं कापून बिळं बुजवली. एक वाफा भरला की बांध उचलायचा, पुढं न्यायचा, परत लावायचा. उजाडेपर्यंत शेत भिजलं. पाळी संपायला काही मिनिटं असताना त्यानं दार बंद केलं, कारण त्यापुढचं पाणी तिसऱ्या कुणाचं होतं.

सकाळी म्हातारा ओसरीवर खुर्चीत बसला होता. मुलगा पायरीवर टेकला आणि त्यानं विचारलं, “तुमच्या बायकोचं नाव काय होतं?”

म्हाताऱ्यानं नाव सांगितलं. मग एकामागून एक पुष्कळ काही सांगितलं. ती आजारी असताना कोण आलं आणि कोण आलं नाही, तेही सांगितलं. न येणाऱ्यांत मुलाचे वडील होते. पाटाचं भांडण त्यानंतरचं. मुलानं वडिलांची बाजू मांडली नाही आणि चर्चचीही नाही. तो ऐकत राहिला.

घरी आल्यावर त्यानं ते सगळं वडिलांना सांगितलं. वडील बराच वेळ जेवणाच्या टेबलाशी बसून होते. पुढच्या पाळीला मध्यरात्री मुलगा निघाला तेव्हा दारात वडील बूट चढवत होते. हातात त्यांचं स्वतःचं फावडं होतं. दोघं मिळून म्हाताऱ्याच्या शेतात गेले. त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्याची एकही पाळी वाया गेली नाही. म्हातारा चर्चमध्ये परत गेला नाही, आणि त्याला तसं कुणी विचारलंही नाही. पण दोन्ही घरांमधलं बोलणं सुरू झालं.

गोष्ट इथं संपते. तिच्यातला बोध मात्र मॉर्मन मुलांपुरता नाही.

आपल्याकडेही माणसं वारीला जातात, पारायणाला बसतात, इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात मौन धरतात, सेवा शिबिरात खेड्यात राबतात. तिथं आपण खरोखरच बदलतो. नेमलेली वेळ असते, नेमलेलं काम असतं, बरोबर चालणारं माणूस असतं, त्यामुळं चांगलं वागणं सोपं होतं. मग परत येतो आणि महिन्याभरात पूर्वीसारखे होतो. अनुभव खोटा होता असं आपल्याला वाटतं. तो खोटा नसतो. तिथं मिळालं ते बी होतं आणि ते इथं पेरायचं राहिलेलं असतं. पेरायची जागा बहुतेक वेळा तीच असते, जिच्याकडे न बघता चालायची आपल्याला सवय झालेली असते.

किती केलं, कुठं केलं, किती दिवस केलं यावरून आध्यात्मिक वाढ मोजू नये. जे काम कुणी नेमून दिलेलं नाही, ज्याचा आकडा कुठं लिहिला जाणार नाही आणि ज्यातून समोरचा आपल्या बाजूला येण्याची आशाही नाही, ते आपण उठून करतो का, यावरून ती मोजावी. एखादी साधना पूर्ण करून तुम्ही घरी आला असाल, तर तिचं पुण्य सांगत बसू नका. ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्या शेजाऱ्याच्या, भावाच्या, जुन्या मित्राच्या दारात या आठवड्यात जा. त्याला आज कशाची गरज आहे ते विचारा, आणि तेवढं करून या.